ग्लेझचे चार रविवार: पुण्यातील एका स्टुडिओचा अनुभव

चाकावर बऱ्यापैकी भांडे निघू लागले की पुढचा प्रश्न ग्लेझचा, म्हणजे भट्टीत वितळून मातीच्या भांड्यावर बसणाऱ्या काचेसारख्या थराचा, येतो, आणि मी आजवर गेलेल्या स्टुडिओंत तो ‘या बादल्यांतला आवडेल तो रंग घ्या’ एवढ्यावरच मिटवला जात असे. पुण्यातील या छोट्या स्टुडिओने (पुढे तक्रारही असल्यामुळे नाव देत नाही) चार रविवारांच्या वर्गात मात्र फेल्स्पार, क्वार्ट्झ, चिनी माती, खडूची पूड आणि बोरॉनयुक्त फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) यांचे वजन करून, ती चाळून आम्हालाच ग्लेझ बनवायला लावले. साडेसहा हजारांचे शुल्क माझ्या मते तेवढ्यानेच वसूल झाले.

एकाच पारदर्शक मिश्रणात लोहाच्या ऑक्साइडचे प्रमाण १ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंत वाढवत नेले, तेव्हा फिकट मधाचा रंग गडद होत होत जवळजवळ काळा झाला. माझ्या वाडग्यावर बोटांच्या ज्या वळ्या राहिल्या होत्या, त्यांच्या कडांवर ग्लेझ पातळ होऊन तांबूस तपकिरी झाले आणि खाचांत काळेच राहिले. वळ्या गुळगुळीत करायचा मला आळस आला होता, हे इथे कबूल करायला हवे. कोबाल्टच्या बाबतीत अर्धा टक्काही भरपूर निळा रंग देतो, हे नमुन्यासाठी भाजलेल्या पहिल्याच फरशीने दाखवले. सजावटीत मेण लावून ग्लेझ अडवणे आणि अर्धवट सुकलेल्या मातीवर पांढऱ्या स्लिपचा (पातळ कालवलेल्या मातीचा) हात देऊन ती कोरणे एवढेच शिकवले गेले; कोरण्याला आणखी एक दिवस द्यायला हवा होता.

आता तक्रार. नमुन्याच्या सगळ्या फरश्या भट्टीत आडव्या ठेवल्या होत्या. आडव्या फरशीवर ग्लेझ जागचे हलत नाही. वाडग्याच्या उभ्या भिंतीवरून मात्र तेच ग्लेझ सुमारे १२२० अंश सेल्सिअसला ओघळून थेट भट्टीतल्या शेल्फपर्यंत पोहोचले आणि वाडगा चिकटला. छिन्नीने सोडवताना तळाच्या कड्याचा टवका उडाला. फरश्या उभ्या भाजल्या असत्या, तर हे आधीच कळले असते. शिक्षकांनी चूक मोकळेपणाने मान्य करून पुढची भाजणी विनामूल्य दिली.

दुसरी गोष्ट अधिक खटकली. रंगांच्या तक्त्यावर ‘सेलाडॉन’ (हिरवट निळ्या ग्लेझचा एक प्रकार) असे लिहिलेले आहे, पण भट्टी विजेची आहे. सेलाडॉनची खरी हिरवट निळाई अल्पशा लोहाला भट्टीत प्राणवायू कमी पडल्यावर येते, आणि त्यासाठी सहसा गॅसची किंवा लाकडाची भट्टी लागते. इथला हिरवा तयार रंगद्रव्याचा आहे; तो दिसतो छान, पण तक्त्यावर तसे लिहायला हवे.

चाकाचा सराव असलेल्यांनी हा वर्ग जरूर करावा. अगदी नवख्यांची मात्र वजनकाट्यापाशीच दमछाक होईल. मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, तेव्हा माझ्या फरश्या उभ्या असतील आणि वाडग्याचा खालचा बोटभर भाग कोरा.