पासवर्ड, ओटीपी की गुगल? सोसायटीच्या वेब ॲपसाठी लॉगिनची निवड

गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या पावत्या आणि तक्रारी सांभाळणारे एक लहान वेब ॲप जँगोमध्ये (पायथन भाषेतील वेब ॲप बांधण्याच्या तयार चौकटीत) लिहायचे आहे, असे धरून चालू. नोंदणी आणि लॉगिनसाठी जँगोची अंगभूत पासवर्ड व्यवस्था, मोबाइलवरचा ओटीपी आणि गुगल खात्याने प्रवेश, अशा तीन वाटा प्रामुख्याने समोर असतात. कोणता पडदा सोपा दिसतो, यावरून बहुधा निवड होते. माझ्या मते मात्र पासवर्ड, सिम किंवा गुगल खाते हातचे गेलेल्या सभासदाला पुन्हा आत कसे घेणार, यावरून ती व्हायला हवी.

या कसोटीवर जँगोची पासवर्ड व्यवस्था बरीच पुढे आहे. ती मूळ पासवर्ड साठवत नाही, तर त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारे गणिती रूप, साठवते. तो हॅश काढताना ५.२ या आवृत्तीत पासवर्ड पीबीकेडीएफ२ या हॅशिंग पद्धतीच्या १० लाख फेऱ्यांतून जातो, आणि हवे असल्यास २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत विजयी ठरलेली आर्गॉन२ पद्धत लावता येते. पासवर्ड विसरल्यावर ईमेलने येणारी लिंक मुळात ३ दिवस चालते. तिच्यातील टोकन (खुणेचा सांकेतिक मजकूर) जुन्या पासवर्डच्या हॅशवर आणि शेवटच्या लॉगिनच्या वेळेवर बेतलेले असल्याने नवा पासवर्ड ठरवताच ती लिंक आपोआप निकामी होते आणि त्यासाठी डेटाबेसमध्ये वेगळा तक्ता ठेवावा लागत नाही. ईमेल नोंदलेला असो वा नसो, पुढचा संदेश एकच दिसतो, त्यामुळे कोणाचे खाते आहे याचा अंदाज परक्याला बांधता येत नाही. खरी डोकेदुखी असते ती हे ईमेल स्पॅममध्ये जाऊ न देण्याची. ईमेलनेच लॉगिन द्यायचे असेल, तर स्वतःचे युजर मॉडेल (सभासदाच्या नोंदीचा आराखडा) पहिल्या मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसमध्ये तक्ते तयार करण्याच्या, आधीच ठरवावे, कारण ते मध्येच बदलणे फार जिकिरीचे जाते.

ज्यांना ईमेल उघडण्याची सवय नाही, त्यांना ओटीपी सोयीचा वाटतो, आणि सोसायटीत असे सभासद असतातच. पण भारतात असे एसएमएस पाठवण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी मंचावर संस्था, हेडर (संदेश पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव) आणि संदेशाचा टेम्प्लेट (ठरलेला साचा) नोंदवावा लागतो. मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही, तर संदेश वाटेतच अडवला जातो. प्रत्येक एसएमएसचे पैसे पडतात, आणि फ्लॅट पुण्यात पण मालक दुबईत, अशा सभासदाची अडचण वेगळीच. शिवाय बंद झालेला क्रमांक ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. क्रमांक हीच एकमेव ओळख ठेवली, तर तो नवा ग्राहक जुन्या सभासदाच्या पावत्या उघडू शकेल. सहा अंकी ओटीपीच्या शक्यता १० लाखच असल्यामुळे चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालणेही आपल्यालाच लिहावे लागते. एवढा खटाटोप काही शेकडा सभासदांसाठी मला परवडणारा वाटत नाही.

गुगलच्या वाटेने पासवर्ड सांभाळण्याचे काम वाचते आणि ज्याने खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावली आहे, त्याला तिचा लाभ इथेही मिळतो. मात्र सभासद ओळखण्यासाठी ईमेल न वापरता गुगलकडून येणारा ‘सब’ हा स्थिर क्रमांक साठवावा. अनेक ज्येष्ठांचे गुगल खाते मोबाइलच्या दुकानदाराने किंवा मुलाने उघडून दिलेले असते आणि फोन बदलेपर्यंत त्याचा पासवर्ड कोणालाच लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गुगलच्या फायरबेससारखी लॉगिन सांभाळणारी तयार सेवा घेतली, तर हे सगळे प्रकार लवकर जोडून होतात. पण तिची पासवर्ड हॅशिंग पद्धत म्हणजे ‘एसक्रिप्ट’ (scrypt) या पद्धतीची तिने स्वतः बदललेली आवृत्ती असल्यामुळे पुढे बाहेर पडताना तीच गणना आपल्या बाजूला उभी करावी लागते. लहान ॲपसाठी मी तो मार्ग धरणार नाही.

मी ईमेल-पासवर्ड आणि गुगल हे दोन्ही ठेवीन, सभासदांचा तक्ता आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवीन आणि ओटीपी सोडून देईन. केवळ गुगलने आलेल्या सभासदाकडे वापरण्याजोगा पासवर्ड नसल्याने जँगो त्याला पासवर्ड बदलण्याचा ईमेल पाठवतच नाही आणि तसे सांगतही नाही, म्हणून पहिल्या प्रवेशानंतर त्याच्याकडून पासवर्डही ठरवून घ्यावा. गुगल खाते आधीच्या नोंदणीशी जोडताना त्या नोंदणीतील ईमेल पडताळलेला असल्याची खात्री करावी. नाहीतर दुसऱ्याच्या ईमेलने आधी नोंदणी करून ठेवलेल्या कोणाच्याही हाती खऱ्या सभासदाचे खाते जाईल. यातूनही जो बाहेर राहील, त्याचा ईमेल सचिवांनी ओळखपत्र पाहून ॲडमिन पानावरून बदलून द्यावा.