जुना मोटोरोला जीपी-३२८: घेण्याआधी लेबलावरचं सहावं अक्षर वाचा

सेकंडहँड वॉकी-टॉकीत मोटोरोलाचा जीपी-३२८ अजूनही घेण्यासारखा सेट आहे. स्क्रीन नाही, चॅनल १६, बॉडी दणकट. रुई उडणाऱ्या जिनिंगमध्ये किंवा रावेर-सावद्याकडच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये रोजची आदळआपट तो सोसतो. पैसे बुडतात ते बहुतेक एकाच कारणाने: चुकीच्या बँडचा, म्हणजे चुकीच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्याचा सेट गळ्यात पडतो.

या एकाच नावाचे मुख्य तीन प्रकार आहेत. व्हीएचएफ (कमी फ्रिक्वेन्सीचा बँड) १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, यूएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीचा) ४०३ ते ४७० आणि यूएचएफ ४५० ते ५२७. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. बॅटरी काढा, मागच्या लेबलावर एझेडएच२५ने (AZH25) सुरू होणारा मॉडेल नंबर असतो. त्यातलं सहावं अक्षर के (K) असेल तर व्हीएचएफ, आर (R) असेल तर ४०३-४७०, एस (S) असेल तर ४५०-५२७.

अँटेनावर विसंबू नका. व्हीएचएफची अँटेना साधारण लांब आणि यूएचएफची आखूड असते हे खरं, पण त्या हातोहात बदलल्या जातात. चुकीच्या अँटेनाने बोलण्याचा पल्ला तर घटतोच, शिवाय बरीच शक्ती परत येऊन आउटपुटचा ट्रान्झिस्टर तापतो.

लेबलही शंभर टक्के पुरावा नाही. बरेच जुने सेट नवीन बॉडी चढवून विकले जातात. मग लेबल एका सेटचं आणि आतला बोर्ड दुसऱ्याचा. म्हणून दुकानदाराला प्रोग्रॅमिंग केबल लावून सेट ‘रीड’ करायला सांगा. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लेबलाशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर सॉफ्टवेअरचं खरं धरा. ही तपासणी करायला जो तयार नाही, त्याच्याकडून सेट घेऊ नये.

फ्रिक्वेन्सी काउंटरने (फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या यंत्राने) सेटची फ्रिक्वेन्सी-रेंज कळते हा गैरसमज आहे. काउंटर फक्त त्या चॅनलला भरलेली ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी दाखवतो. ४५५ आली तर सेट आर असू शकतो, एसही. शिवाय भरलेले चॅनल आधीच्या मालकाच्या परवान्याचे असतात, तेव्हा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, सिग्नल बाहेर न सोडणारा भार) न लावता पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबूच नये.

केनवूडमध्ये काम सोपं आहे: टीके-२१०७ व्हीएचएफ, टीके-३१०७ यूएचएफ. आयकॉमचा एफ-३००३ व्हीएचएफ, एफ-४००३ यूएचएफ. पण नेमकी रेंज इथेही लेबलावरून आणि सॉफ्टवेअरवरूनच ठरवायची.

कोणता बँड घ्यायचा? मोकळं शिवार, दाट केळीबाग, सातपुड्याचा पायथा असेल तर व्हीएचएफ. ओली हिरवी पानं यूएचएफ जास्त शोषतात. पत्र्याचे शेड, काँक्रीटची इमारत, शीतगृह असेल तर यूएचएफ. मात्र शेवटचा शब्द परवान्याचा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून (वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेकडून) जी फ्रिक्वेन्सी मिळेल, ती सेटच्या रेंजमध्ये बसली पाहिजे. ४१० मिळाली तर आर लागेल, ४८० मिळाली तर एस. रेंजबाहेरची फ्रिक्वेन्सी सॉफ्टवेअर सहसा घेतच नाही. जबरदस्तीने भरली तर सिंथेसायझर (सेटमध्ये फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट) त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिर होत नाही आणि सेट बोलत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधली परवानामुक्त सवलत कमी शक्तीच्या मंजूर सेटांसाठी आहे, ४-५ वॅटच्या जीपी-३२८ला ती लागू नाही.

जुन्या सेटबरोबर आलेली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी संपलेलीच धरा आणि नव्या बॅटरीचे पैसे किमतीत मोजा. भुसावळच्या मे महिन्यात ती दुपारी पत्र्याखाली चार्ज करू नका. ४० अंशांच्या वर चार्जिंग नीट होत नाही आणि सेल लवकर मरतात.

बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘जीपी-३२८’ लिहिलेल्या बिलावर बँड चुकला म्हणून सेट परत करणं अवघड जातं.