चीअरलीडिंगच्या अठरा गणवेशांचा अनुभव : कापड, माप आणि शिलाई

गेल्या वर्षी आमच्या अमळनेरच्या शाळेत मुलींचा चीअरलीडिंगचा संघ तयार झाला आणि क्रीडाशिक्षिका या नात्याने त्याच्या गणवेशाची जबाबदारी माझ्याकडे आली. संघात सहावी ते नववीच्या अठरा मुली आहेत. बरीच शोधाशोध केल्यानंतर आम्ही हे गणवेश जळगावच्या फुले मार्केट परिसरातील एका शिलाईच्या दुकानातून करून घेतले. त्याला आता वर्ष होत आले असून आठ कार्यक्रम आणि आठवड्यातील तीन सराव एवढा वापर त्यांनी सोसला आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. दुकानाचे नाव देत नाही, कारण त्यांच्या हातून झालेल्या चुकाही येथे लिहायच्या आहेत आणि त्यातील मोठी चूक त्यांनी स्वतःच्या खर्चाने निस्तरून दिली.

पालकसभेत 'चीअरलीडिंग' हा शब्द काढताच काही जणांच्या कपाळावर आठ्या आल्या. आपल्याकडे हा शब्द बहुतेकांनी 2008 पासून आयपीएलच्या सामन्यांतच ऐकला आणि त्याबरोबर येणारे तोकड्या कपड्यांचे चित्र मनात पक्के बसले, यात पालकांचा दोष नाही. म्हणून मी त्यांना थोडा इतिहास सांगितला. 1898 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात एका विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून घोषणा द्यायला सुरुवात केली, तेथून हा प्रकार वाढला. सुरुवातीची काही दशके त्यात मुलगेच असत आणि मुली 1920 च्या दशकापासून येऊ लागल्या. त्या काळी लोकरीचा जाड स्वेटर आणि त्यावर शाळेचे मोठे अक्षर एवढाच गणवेश असे. पुढे कोलांट्या आल्या, एकमेकींना उचलणे आणि झेलणे आले, तसे कपडे अंगालगत आणि हलके झाले. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. अमेरिकेतील शाळांसाठीच्या नियमांत तर मुलगी सावधान स्थितीत उभी असताना तिचे पोट झाकलेले असले पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. माझी अट त्याही पुढची होती : हात पूर्ण वर नेल्यावरही पोट दिसता कामा नये. हे ऐकल्यावर सभेत शांतता झाली आणि मग मुद्दा कापडावर आला, जो आमच्या खानदेशात कोणालाही परका नाही.

प्रथम आम्ही एका ऑनलाइन संकेतस्थळावरून तयार संच नमुन्यादाखल मागवला. चित्रात तो झकास दिसत होता. प्रत्यक्षात छातीवर टिकल्यांची चमकदार पट्टी होती आणि आमच्या मुलींनी एकमेकींना उचलण्याचा सराव करताच खाली आधार देणाऱ्या दोघींच्या हातांवर लाल ओरखडे उठले. दहीहंडीचे थर ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना हे लगेच कळेल, की जेथे एकीचे वजन दुसरीच्या हातावर आणि खांद्यावर येते तेथे कपड्यावर टोचणारे किंवा निसटणारे काहीही चालत नाही. टिकल्या टोचतात आणि साटीन पकडीतून सुटते. दोन्ही गोष्टी वर उभ्या असलेल्या मुलीच्या जिवाशी खेळणाऱ्या आहेत. तो संच आम्ही परत केला. सुरत रेल्वेने सरळ मार्गावर असल्यामुळे तेथील ठोक व्यापाऱ्यांकडेही चौकशी केली, परंतु पन्नास नगांच्या खाली कोणी बोलायलाच तयार नव्हते.

जळगावच्या दुकानदाराने चार प्रकारच्या कापडांचे तुकडे पुढे टाकले. त्यातील एक, तो म्हणाला तसा, "कॉटन मिक्स" होता. खरे सांगायचे तर माझाही ओढा सुती कापडाकडेच होता. काळ्या मातीतल्या कापसावर ज्यांची घरे चालतात अशा पालकांना सुती सोडून दुसरे कापड सुचवणे जडही जात होते. पुढच्या सभेत मी ते तुकडे फिरवले, तेव्हा एका मुलीच्या आजोबांनी, ज्यांनी आयुष्य कापडगिरणीत काढले होते, त्या "कॉटन मिक्स"मधून एक धागा हलकेच ओढला आणि खिशातल्या काडेपेटीने पेटवला. धागा जळण्याऐवजी आक्रसत गेला आणि टोकाला काळी, कडक गोळी झाली. आजोबांनी ती बोटांत चुरडून पाहिली. ती चुरडत नव्हती. सुती धागा असता तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख झाली असती, असे त्यांनी सांगितले. त्या तुकड्यात सूत असलेच तर नावाला होते. दुसऱ्या एका तुकड्यावर हात फिरवून एक आई म्हणाल्या, "मॅडम, हाई कापड आंगले टोचस." तोही बाद झाला.

शुद्ध सुती कापडाचा विचारही आम्ही शेवटी सोडला, आणि त्याचे कारण घाम. सुती कापड घाम शोषून घेते हे खरे, पण तो धरूनही ठेवते. तासाभराच्या उड्यांनंतर ते ओले, जड होऊन अंगाला चिकटते आणि त्याला ताणही नसतो. त्यामुळे वरच्या जाकिटासाठी विणलेले पॉलिएस्टर आणि आतल्या अंगाबरोबरच्या कपड्यासाठी चारी दिशांना ताणले जाणारे लायक्रामिश्रित कापड ठरले. मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्या दिवसांत हे कपडे नकोसे होतील हे आम्हाला माहीत होते, म्हणून उन्हाळी सराव साध्या टी-शर्टवर आणि सकाळी सातच्या आत उरकायचा, असे तेव्हाच ठरवून टाकले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दुकानातील मास्तर अनुभवी आहेत, त्यांचा हात साफ आहे आणि शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे. अडचण नेमकी तेथेच झाली. त्यांनी छाती, कंबर, खांदा, उंची, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) अशी सगळी मापे नेहमीच्या पद्धतीने, मुलींना हात खाली सोडून ताठ उभे करून घेतली. मी समोर होते आणि मलाही तेव्हा काही खटकले नाही. पंधरा दिवसांनी कपडे घालून बघण्यासाठी आम्ही गेलो, मुली आरशापुढे उभ्या राहिल्या, निळ्यावर पिवळी पट्टी सुरेख दिसत होती आणि सगळ्या खूश होत्या. मग मी त्यांना दोन्ही हात डोक्यावर तिरपे ताणायला सांगितले, कारण चीअरलीडिंगमधील निम्म्या हालचाली त्याच मुद्रेतून सुरू होतात. अठराही जाकिटे चार बोटे वर सरकली. दोघींच्या काखेतली टीप उसवल्याचा आवाजही आला. एक सातवीतली मुलगी हात खाली घेऊन दोन्ही हातांनी जाकीट ओढत राहिली, आणि तेव्हा मला जे वाईट वाटले ते अजून आठवते.

मास्तरांनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी एक जाकीट उलटे करून शिवणीत किती माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, आहे ते बघितले. ती जेमतेम अर्धा इंच होती, त्यामुळे नुसते उसवून सैल करणे शक्य नव्हते. मग त्यांनी जो उपाय काढला तो असे गणवेश शिवून घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंढा खोल असला की हात वर जाताना सगळा कपडा आपल्याबरोबर ओढतो, म्हणून काखेत ताणल्या जाणाऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा घालून त्यांनी मुंढा वर आणला. जाकिटाच्या खालच्या कडेला तीन इंचांची पिवळी पट्टी जोडली, जी आता मुद्दाम केलेल्या नक्षीसारखी दिसते. आणि आतला लांब बाह्यांचा निळा कपडा इतका लांब केला की तो खालच्या चड्डीत खोचला जाऊन जाकीट हलले तरी पोट झाकलेलेच राहते. या सगळ्याला सहा दिवस जास्त लागले आणि दुकानदाराने त्याचा एक रुपयाही घेतला नाही. जानेवारीतल्या थंड सकाळी मैदानावर उभे राहिल्यावर त्या लांब बाह्यांचे मोल मुलींना वेगळेच कळले.

स्कर्टबाबत मात्र दुकानाचे कौतुक करावे तितके थोडे आहे. वरून निळा दिसणारा हा स्कर्ट चुण्यांच्या आत पिवळा आहे, त्यामुळे मुलगी जागेवर गिरकी घेते तेव्हा चुण्या उघडून एकदम पिवळा रंग फाकतो आणि गिरकी थांबताच पुन्हा मिटतो. दूरच्या मांडवात बसलेल्या पाहुण्यांनाही ती हालचाल कळते. पॉलिएस्टरवर उष्णतेने बसवलेली चुणी धुतल्यावर मोडत नाही. वर्षभरानंतरही आमच्या स्कर्टना इस्त्री लागलेली नाही. आत गडद निळी, मांडीच्या मध्यापर्यंतची चड्डी स्कर्टच्या पट्ट्यालाच शिवून घेतली, म्हणजे ती घरी विसरण्याचा प्रश्न उरला नाही. कमरेला चेन किंवा हूक न ठेवता दोन इंच रुंदीचे इलॅस्टिक घालावे हा आग्रह माझा होता, कारण उचलणाऱ्या मुलींचे हात नेमके कमरेवर येतात आणि धातूचे काहीही तेथे बोटांत रुतते. मास्तरांनी या इलॅस्टिकवर तीन समांतर टिपा मारल्या, त्यामुळे ते आजवर एकदाही दुमडले नाही. स्कर्टच्या बाजूच्या शिवणीत त्यांनी आपणहून दीड इंच माया सोडली होती, आणि वाढत्या वयाच्या पाच मुलींचे स्कर्ट या जूनमध्ये त्याच मायेवर सैल करता आले.

छातीवरील शाळेच्या आद्याक्षराने आम्हाला फार त्रास दिला. कापडावर छापण्याची जी सब्लिमेशनची पद्धत आहे तिच्यात रंग उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो आणि तेथेच राहतो, पण त्यासाठी कापड फिकट असावे लागते. गडद निळ्यावर ती चालत नाही. दुकानदाराने म्हणून चिकटवण्याचे प्लास्टिकचे अक्षर सुचवले, "मॅडम, हे काही निघत नाही" असे सांगितले, आणि मी ते मान्य केले. तिसऱ्या धुण्यानंतर त्याच्या कडा उचलू लागल्या. एका मुलीच्या आईने ती कड बसावी म्हणून वरून गरम इस्त्री फिरवली, तर अक्षराचा निम्मा भाग इस्त्रीच्या तळाला चिकटून आला आणि कपड्यावर पिवळा, सुरकुतलेला डाग उरला. अखेर सगळी अक्षरे काढून जाड पिवळ्या कापडाची अक्षरे कापून, कडेने दाट टाके घालून शिवून घेतली. या कामाचे दुकानदाराने प्रत्येकी चाळीस रुपये लावले, आणि ते लावायला नको होते असे माझे आजही मत आहे, कारण खात्री त्यांनी दिली होती. शिवलेली अक्षरे मात्र अजून जागची हललेली नाहीत.

बुटांसाठी साधे, पातळ आणि लवचीक तळाचे पांढरे कॅनव्हास घेतले. जाड तळाच्या बुटात पाय अडकवलेल्या मुलीचा तळवा खालच्या दोघींच्या हातात नीट बसत नाही. हातातील झुपके, म्हणजे पॉमपॉम, आम्ही शाळेतच पिवळ्या-निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून बनवले आणि ते पुरेसे झाले. कानातले, बांगड्या आणि गळ्यातले काढून ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून आहे, त्याला एकाही घराने हरकत घेतली नाही.

जाकीट, आतला कपडा आणि स्कर्ट मिळून एका संचाला साडेअकराशे रुपये पडले. तालुक्याच्या ठिकाणच्या पालकांसाठी ही रक्कम लहान नाही. आमच्या निम्म्या मुली शेतकऱ्यांच्या घरच्या आहेत आणि ऑक्टोबरमध्ये शिलाई टाकायची म्हटल्यावर तीन-चार पालकांनी, कापूस विकला गेला की देतो, असे सांगितले. हे मी दुकानदाराला जसेच्या तसे कळवले. त्याने निम्मी रक्कम आधी आणि उरलेली डिसेंबरअखेर घेण्याचे मान्य केले, वर "ताई, आमच्याही घरी कापूसच आहे" असे म्हणून आगाऊ रकमेसाठी कोणाच्या मागे लागला नाही. असा व्यवहार कोणत्याही संकेतस्थळावर झाला नसता, आणि चुका होऊनही मी पुन्हा त्याच दुकानात गेले त्यात या वागण्याचा वाटा मोठा आहे.

वर्षभरानंतर एकच तक्रार शिल्लक आहे. स्कर्टच्या आतील चड्डीचे कापड जाकिटाच्या मानाने हलके लागले असून मांड्या घासतात तेथे त्यावर बारीक गोळे आले आहेत, आणि सतत उड्या मारणाऱ्या तीन मुलींच्या चड्ड्या तेथे विरळ झाल्या आहेत. दुकानदाराला कापड दाखवले तेव्हा त्याने वजनदार कापडाचा नवा तुकडा काढून दिला. तो मी दोन्ही हातांनी उन्हाकडे ताणून पाहिला, आरपार काही दिसले नाही.

जून-जुलैत तेथे शाळांच्या गणवेशांची इतकी गर्दी असते की मास्तरांना मान वर करायला सवड नसते, म्हणून यंदा संघात आलेल्या चार नव्या मुलींना घेऊन मी गणपती विसर्जनानंतर जळगावला गेले. मास्तरांनी फीत गळ्यातून काढली आणि मी काही बोलायच्या आतच पहिल्या मुलीला सांगितले, "बेटा, आधी हात वर कर."