अँटवर्पहून आखेनकडे: एका छोट्या खाजगी मालगाडी कंपनीचा अनुभव

आमच्या कारखान्यातून प्लास्टिकचे दाणे जर्मनीला जातात आणि त्यांचं डिस्पॅच माझ्याकडे आहे. पूर्वी सगळा माल ट्रकने जायचा. आता बराचसा माल एका खाजगी बेल्जियन रेल्वे कंपनीमार्फत जातो. करार चालू आहे, म्हणून नाव देत नाही. ती लिनियास नव्हे, एवढं सांगते. लिनियास म्हणजे जुन्या सरकारी मालवाहतुकीची वारसदार, 2015 मध्ये खाजगी गुंतवणूकदाराकडे गेलेली, पसारा मोठा. आमची कंपनी त्यापुढे चिमुकली. इंजिनं भाड्याची, माणसं मोजकी, आणि फोन केला की आवाजावरून ओळखतात.

आधी पैशांचं. ट्रकमध्ये पंचवीसेक टन माल बसतो, रेल्वेच्या चार आसांच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, साठच्या वर. बेल्जियममध्ये 2016 पासून साडेतीन टनांवरच्या ट्रकला किलोमीटरमागे टोल आहे, आणि जर्मनीने डिसेंबर 2023 पासून टोलमध्ये कार्बनचा आकारही धरला. त्यामुळे पूर्ण रेक (वाघिणींची अख्खी गाडी) भरत असेल तर रेल्वे सरळसरळ स्वस्त पडते. दोन-चार वाघिणींसाठी मात्र यांच्या दारात जाऊ नका, ट्रकच बरा. आणि कोटेशन नीट वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा फक्त ओढण्याचा असतो. सायडिंगवरचं (माल भरायच्या बाजूच्या रुळांवरचं) शंटिंग म्हणजे वाघिणींची हलवाहलव आणि जोडणी, शनिवार-रविवारी यार्डात उभं राहण्याचं भाडं आणि जादा थांब्याचा आकार खाली बारीक अक्षरात. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी पहिलं बिल परत पाठवलं होतं.

मार्ग सगळ्यांचा जवळपास तोच: अँटवर्प-नोर्ड यार्ड, आर्सखोट, हासेल्ट, टोंगरेन, विझे, मोंत्सेन आणि पुढे जर्मनीतलं आखेन वेस्ट. याहून सरळ रस्ता आहे, नेदरलँड्समधल्या रूरमोंडवरून जाणारा ‘आयर्न ऱ्हाइन’. पण त्यावरून थेट मालगाड्या 1991 पासून बंद आहेत. बेल्जियमचा त्या वाटेवरचा हक्क 1839 च्या तहातला. 2005 मध्ये हेगच्या लवादाने तो मान्यही केला, पण खर्च कोणी किती उचलायचा यावर घोडं अडलेलं. म्हणून सगळी गर्दी मोंत्सेनच्या लाइनीवर. ती पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बांधली, आणि त्यांचाच मोरेनेचा अकराशे मीटरचा पूल आजही आमचा माल वाहतो.

या एका प्रवासात चालकाला सिग्नल केबिनशी आधी डचमध्ये, विझेपासून फ्रेंचमध्ये आणि आखेनला जर्मनमध्ये बोलावं लागतं. विजेचा दाबही बदलतो, इकडे 3 किलोव्होल्ट डीसी, तिकडे 15 किलोव्होल्ट एसी. बेल्जियममध्ये गाडी डावीकडून धावते, जर्मनीत उजवीकडून. हे सगळं येणारे चालक मिळणं हीच या धंद्यातली खरी अडचण. कंपनीने ‘उद्या चालक नाही’ असं कळवलं की मला राग येतो, पण नवल वाटत नाही.

आता ज्यासाठी मी यांना सोडत नाही ते सांगते: सायडिंगवरचं काम. आपल्याकडे भारतात मालवाघिणींना सीबीसी कपलर (आपोआप अडकणारी मधली जोडणी) लागून जमाना झाला, युरोपात अजून हाताने आवळायचं स्क्रू कपलिंगच. यांचा शंटर, म्हणजे वाघिणी जोडणारा माणूस, बफरांखालून वाकून आत शिरतो, जड कडी उचलून हुकात अडकवतो, स्क्रू आवळतो, हवेचा पाइप जोडतो, कॉक उघडतो. मग दुसऱ्या वाघिणीकडे. पावसात, रात्री, रेक संपेपर्यंत. पाइपमध्ये 5 बार हवा भरली की तपासनीस टॉर्च घेऊन निघतो. ब्रेक लावल्यावर ब्रेकचा प्रत्येक ठोकळा चाकाला चिकटला का, सोडल्यावर सुटला का, हे पायाने ढोसून बघतो. एकदा त्याने ऐन निघायच्या वेळी आमची भरलेली वाघीण बाजूला काढायला लावली. ठोकळा मर्यादेपेक्षा झिजला होता. आमचे साहेब भडकले, ‘एवढ्याने काय होतं?’ म्हणाले. तपासनीस शांतपणे खडूने वाघिणीवर खूण करून पुढे गेला. माझे पैकीच्या पैकी गुण त्या खडूला.

गुण जातात ते माहिती देण्यात. गाडी वेळेवर असली की रोज सकाळी नेटकी ईमेल येते. उशीर झाला की ईमेल येत नाही, अगदी नेमाने. एकदा आमच्या दोन वाघिणी आखेनला बिघाडामुळे काढून ठेवल्या होत्या आणि मला ते जर्मन ग्राहकाच्या फोनवरून कळलं. त्यांच्या रात्रपाळीच्या माणसाला विचारलं तर म्हणे, सकाळच्या पाळीला सांगून ठेवलंय! मला सांगायला काय हरकत होती? ग्राहकाचे सायलो (दाणे साठवायच्या उंच टाक्या) रिकामे होत असतात. चार तास आधी कळलं तर मी ट्रक लावू शकते.

संपाबद्दल सगळे विचारतात. खाजगी कंपनी आहे म्हणजे संपात गाड्या चालतील, अशी समजूत करून घेऊ नका. कंपनीचे चालक कामावर असतात, पण रूळ आणि सिग्नल इन्फ्राबेल या सरकारी कंपनीचे. 2025 मध्ये पेन्शनच्या सुधारणांवरून वरचेवर संप झाले. सिग्नल केबिनमध्ये माणूस नसेल तर इंजिन कोणाच्याही मालकीचं असो, गाडी यार्डातच उभी. संपाची सूचना आधी मिळते. तेवढ्यात शहाणे लोक ग्राहकाकडे जादा माल पोचवून ठेवतात.

एकूण, महिन्याला ठरलेला, भरपूर आणि थोडा उशीर सोसणारा माल असेल तर छोट्या कंपनीकडे जरूर जा. तातडीचा माल असेल तर नको. नव्या करारासाठी मी एकच कलम मागितलं आहे: वाघीण रेकमधून काढली तर दोन तासांत फोन, नाहीतर त्या खेपेच्या शंटिंगचे पैसे माफ. त्यांनी मसुद्यात दोनाचे सहा तास करून परत पाठवलंय, आणि आमची घासाघीस चालू आहे.