जोडीची कयाक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत आम्ही पतीपत्नींनी देवबागला, कर्ली नदीच्या खाडीत, आमची दोन आसनांची प्लास्टिकची कयाक (वल्ह्यांनी चालवायची लांबट, अरुंद होडी) जवळजवळ दर रविवारी वल्हवली आणि त्यांतले पहिले दोन महिने ती वळत नाही म्हणून तिलाच नावे ठेवली.

माझे वजन ८४ किलो, पत्नीचे ५६. पुढे बसण्याची हौस मात्र माझी! त्यामुळे नाळ, म्हणजे कयाकचे पुढचे टोक, पाण्यात दबून राही आणि मागचे टोक उचललेले असे. दुपारी खारा वारा आडवा लागला की हे हलके टोक बाजूला ढकलले जाई, कयाक वाऱ्याकडे तोंड फिरवी आणि तिला वाटेवर आणण्यासाठी पत्नी मागून एकाच बाजूला वल्हे मारून थकून जाई. एकदा तर तशीच ती आम्हाला कांदळवनात घेऊन शिरली. डिसेंबरात जागा बदलल्या. मागचे टोक किंचित खाली बसले आणि त्याच वाऱ्यात कयाक बऱ्यापैकी सरळ चालू लागली.

वल्ह्यांचे गणित समजायला याहून अधिक वेळ लागला. कयाक साधारण मध्याभोवती फिरते आणि आम्ही दोघेही त्या मध्यापासून दूर बसतो, म्हणून वळताना पुढच्याने रुंद फटका (वल्हे बाजूला लांब फिरवून मारलेला) पायाच्या बोटांपासून कमरेपर्यंतच घ्यावा, तर मागच्याने कमरेपासून थेट मागच्या टोकापर्यंत. उरलेला अर्धा फटका वळण्याच्या कामी फारसा येत नाही. खाडीत रोवलेल्या एका खांबाशी आम्ही हे घोटवले. डावीकडे वळताना पत्नी उजवीकडून पुढचा अर्धा फटका मारते, त्याच वेळी मी डावीकडे मागून पुढे उलटे वल्हे ओढतो आणि कयाक जवळजवळ जागच्या जागी फिरते. एरवी ताल पुढच्याचा, कारण त्याला मागचे दिसत नाही. मी तिच्या लयीवर त्याच बाजूला वल्हे टाकतो, नाहीतर पाती एकमेकांवर खडखडतात. दिशा सांभाळणे मात्र माझ्याकडे.

तक्रार आहे ती पुढच्या आसनाची. पाय टेकवण्याच्या खाचा कायमच्या साच्यात ओतलेल्या असल्याने पत्नीचे पाय सोयीच्या खाचेपर्यंत पोहोचत नाहीत, आणि पायांना आधार नसला की कमरेतून जोर लागत नाही, सगळा भार खांद्यांवर येतो. सध्या आम्ही तिथे फोमच्या चटईची घट्ट वळकटी दोरीने बांधतो.