जिल्हा न्यायालयातील मध्यस्थी केंद्र : पाच वर्षांचा वाटणीचा दावा आणि चार बैठका

जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालणाऱ्या मध्यस्थी केंद्राच्या सेवेविषयी मी हे लिहीत आहे. आम्हा तिघा भावंडांचा, म्हणजे मी थोरली बहीण आणि माझे दोन भाऊ यांचा, शेतजमिनीच्या वाटणीचा दावा पाच वर्षे दिवाणी न्यायालयात तारखांवर पडून होता आणि २०२४ मध्ये याच केंद्रात चार बैठकांत तो मिटला. केंद्राचे, जिल्ह्याचे आणि मध्यस्थ बाईंचे नाव मी देत नाही, कारण मध्यस्थीच्या खोलीतले बोलणे बाहेर जाऊ द्यायचे नाही हा तिथला पहिला नियम आहे. पुढे जे सांगितले आहे ते मधल्या भावाला आधी वाचून दाखवले आहे आणि त्याच्या संमतीनेच लिहिले आहे. धाकट्याची संमती मी मागितलेली नाही, म्हणून तो काय बोलला ते यात आलेले नाही.

वाद काय होता ते थोडक्यात सांगते. वडील २०१७ मध्ये गेले, आई त्याआधीच गेली होती. सहा एकर जमीन, त्यातली विहिरीखालची अडीच एकर बागायत आणि रस्त्याकडेची साडेतीन एकर जिरायत. बाराव्याच्या दिवशी पाहुणे जेवून उठत असतानाच हक्कसोडपत्राचा मुद्रांक माझ्यापुढे ठेवण्यात आला. त्यावर माझे नाव आधीच टंकलेले होते, दोन साक्षीदारही बसलेले होते. मी सही केली नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती, केंद्राने २००५ मध्ये केली, आणि मुलीचा हा हक्क जन्मानेच असतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितले. म्हणजे माझा तिसरा हिस्सा निर्विवाद होता, आणि भावांच्या वकिलांनाही ते ठाऊक होते. तरीही दावा हलत नव्हता. हुकूमनामा झाला असता तरी प्रत्यक्ष वाटपासाठी कागद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार, तिथून मोजणी, हरकती, पुन्हा मोजणी. त्या वाटेने गेलेल्यांची पुढची पिढी कोर्टात उभी राहिलेली मी पाहिली आहे.

दाव्याच्या आधी आम्ही गावाच्या तंटामुक्त समितीपुढेही बसलो होतो. २००७ मध्ये राज्यात सुरू झालेली ही मोहीम मुळात फार चांगल्या विचारातून आलेली आहे आणि तिने अनेक गावांतले बांधाचे, वाटेचे वाद गावातच मिटवले आहेत, हे मी मनापासून मान्य करते. पण माझ्या वाट्याला आलेल्या बैठकीत निम्मे लोक भावकीतले होते, आणि प्रत्येकाने आळीपाळीने मला एकच सांगितले की बहिणीने माहेरची जमीन मागायची नसते, माहेर तुटते. त्या दोन तासांत मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. समजूत घालणे या शब्दाखाली आपल्याकडे किती गोष्टी खपून जातात, हे मला त्या दिवशी कळले. ज्याची समजूत घालायची त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतलेले नसेल, तर ती समजूत राहत नाही, तो दबाव होतो, आणि दबावाखाली गप्प बसलेला माणूस पुढच्याच आठवड्यात वकील गाठतो. मीही तेच केले.

मध्यस्थीकडे आम्ही स्वतःहून गेलो नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २००२ पासून लागू असलेल्या कलम ८९ मुळे तडजोडीला वाव दिसला तर न्यायालय पक्षकारांना मध्यस्थीकडे पाठवू शकते, आणि नव्याने आलेल्या न्यायाधीशांनी एका तारखेला तसा आदेश केला. माझे वकील म्हणाले की एक तारीख वाया जाईल, जाऊन या. आत जाईपर्यंत मला मध्यस्थी, लवाद आणि लोकअदालत यांतला फरक माहीत नव्हता, आणि तिथे बाकावर बसलेल्या बहुतेकांनाही तो माहीत नव्हता. लवाद निवाडा देतो. लोकअदालतीचे मंडळ तडजोड नोंदवून निवाडा करते आणि त्यावर अपील नसते. मध्यस्थ मात्र काहीच ठरवत नाही. कोण बरोबर, कोण चूक, हेही तो सांगत नाही. न्यायाधीशांकडे जाणाऱ्या अहवालात मिटले की नाही मिटले एवढेच असते, कोण काय बोलले ते नसते. आमच्या मध्यस्थ बाई याच न्यायालयात वकिली करणाऱ्या होत्या आणि त्यांनी मध्यस्थांसाठीचे चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतले होते. हे सगळे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत स्वच्छ मराठीत सांगितले, आम्हाला कळले का ते विचारले, आणि नंतरच विषयाला हात घातला.

पहिल्या बैठकीत त्यांनी भावांच्या वकिलांना नम्रपणे थांबवून मधल्या भावाला विचारले, "दादा, तुम्हाला सगळ्यांत जास्त काय लागले?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाव्याची प्रत काढली आणि घड्या पडून विरत आलेल्या एका पानावर बोट ठेवले. तिथे लिहिले होते की प्रतिवादींनी संगनमताने व लबाडीने मिळकतीचे उत्पन्न गिळंकृत केले. त्याच पिशवीत गावच्या शेतकर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या पावत्या होत्या. वडिलांच्या नावावरचे पीककर्ज त्याने तीन हंगामांत फेडले होते आणि मला त्यातले काहीही माहीत नव्हते. बाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "ताई, 'लबाडीने' हा शब्द तुमचा आहे का?" तो माझा नव्हता. वकिलांच्या कचेरीत असे शब्द तयारच असतात, प्रत्येक दाव्यात ते येतात, मी न वाचता सही केली होती. पण खाली सही माझीच होती, आणि पाच वर्षे तो माणूस माझ्या सहीचा तो शब्द पिशवीत घेऊन फिरत होता. बाराव्या दिवशी न विचारता टंकलेल्या माझ्या नावाचे मला जेवढे लागले होते, तेवढेच त्याला या शब्दाचे लागले होते. जमिनीच्या भांडणात जमीन किती आणि असले कागद किती, याचा हिशेब कोणत्याही कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, येत नाही.

बाईंचे कौशल्य मला इथे दिसले. मी म्हणाले होते, "यांनी मला फसवले." त्यांनी ते भावांना सांगताना असे सांगितले की, निर्णय घेण्याआधी आपल्याला विचारायला हवे होते, असे ताईंना वाटते. आशय जवळपास तोच होता, पण पहिल्या वाक्याला उत्तर देताना भावाला स्वतःचा बचाव करावा लागला असता, दुसऱ्याला त्याने नुसती मान डोलावली. असे त्यांनी किती वेळा केले ते मी मोजले नाही, पण दुसऱ्या बैठकीपर्यंत आम्हीही त्याच पद्धतीने बोलू लागलो होतो. मन वळवणे म्हणजे समोरच्याला निरुत्तर करणे असे मी शाळेत शिकवताना वर्षानुवर्षे मानत आले; निरुत्तर झालेला माणूस सही करत नाही, हे मला या खोलीत समजले.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी प्रत्येकाशी वेगवेगळे बोलणे केले. अशा स्वतंत्र बोलण्यातले काहीही परवानगीशिवाय दुसऱ्या पक्षाला सांगितले जात नाही. मला त्यांनी एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारली : जमीन मिळाली तर तिचे काय कराल? मी म्हणत होते, माझा हक्क आहे. त्या म्हणाल्या, हक्क आहेच, त्यावर वादच नाही, पण त्यात पेरणार काय? तेव्हा मला कबूल करावे लागले की विहिरीखालचा तुकडा मी केवळ भावांना तो प्रिय आहे म्हणून मागत होते. मला हवी होती ती पाण्याची सोय असलेली, स्वतःच्या नावाच्या सातबाऱ्याची, निवृत्तीनंतर फळझाडे लावता येतील अशी जागा. भावांना हवी होती ती तुकडे न होता राहणारी बागायत. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतच नव्हत्या, आणि पाच वर्षे आम्ही त्या एकच असल्यासारखे भांडत होतो.

तिसरी बैठक पाण्यावर अडली, आणि तीच माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची होती. रस्त्याकडेची नव्वद गुंठे माझ्याकडे, बागायत आणि उरलेली पन्नास गुंठे जिरायत भावांकडे, विहीर सामाईक, इथपर्यंत आले होते. बाईंनी सुचवले की आठवड्यातला एक दिवस ताईंच्या पाळीचा ठरवू. मधला भाऊ एकदम नाही म्हणाला, आणि मला वाटले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाई शहरातल्या, त्यांनी मोकळेपणाने सांगितले की मला शेतीतले कळत नाही, समजावून सांगा. मधल्या भावाने पावतीच्या मागच्या बाजूला आठवड्याचे रकाने आखले. आमच्याकडे तेव्हा शेतीला थ्री फेज वीज आठ तास असायची, एका आठवड्यात ती दिवसा यायची, दुसऱ्यात रात्री. बुधवार हा वार दिला तर एका बुधवारी दिवसा पाणी मिळेल, पुढच्याला मध्यरात्री. तो कागद त्याने बाईंसाठी काढला होता, पण समजावता समजावता तो माझ्याकडे सरकवून मलाच सांगू लागला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा आम्ही वकिलांशिवाय एकमेकांशी बोलत होतो. बाई त्या वेळी एक अक्षरही बोलल्या नाहीत. मध्यस्थाने कधी बोलावे याचे प्रशिक्षण देता येत असेल. कधी गप्प बसावे हे बहुधा ज्याचे त्यालाच उमजावे लागते.

मी म्हणाले, रात्रीचे पाणी धरायला माझ्याकडे माणूस नाही. तो म्हणाला, "अक्का, रात्रीची दारं मी धरीन. तुझ्या माणसानं अंधारात विहिरीवर यायला नको, साप-किरडाचं असतं." त्यावर पाळी वाराऐवजी विजेच्या तासांवर ठरली. जलवाहिनीचा खर्च निम्मा माझा, निम्मा त्यांचा. सोसायटीच्या कर्जातला माझा तिसरा हिस्सा मी स्वतःहून दिला, कोणी मागितला नव्हता.

चौथ्या बैठकीत तडजोडीच्या अटी लिहिल्या गेल्या. त्यात उभय पक्षांनी एकमेकांवरील सर्व आरोप मागे घेतले आहेत, असे एक वाक्य आहे. मधल्या भावाने ते दोनदा वाचून मगच सही केली. पुढे पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, देऊन प्रकरण लोकअदालतीत ठेवले गेले, तसा निवाडा झाला आणि भरलेली कोर्ट फी परत मिळाली. मध्यस्थीसाठी आम्हाला वेगळे शुल्क द्यावे लागले नाही.

आता उणिवा. पहिल्या दिवशी अकराची वेळ दिली होती, बैठक दीड वाजता सुरू झाली, कारण बाई दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकल्या होत्या. मध्यस्थ हे वकिली सांभाळून हे काम करतात, त्यांचा दोष मी मानत नाही, पण त्यांना त्या दिवसापुरते अन्य कामातून मोकळे ठेवण्याची व्यवस्था न्यायालयाने करायला हवी. बैठकीची खोली प्लायवूडच्या फळीने दोन केलेली आहे. पलीकडे एका नवराबायकोचा वाद चालला होता आणि त्यातले प्रत्येक वाक्य आम्हाला ऐकू येत होते. म्हणजे आमचेही त्यांना ऐकू जात असणार. गोपनीयतेच्या पायावर उभ्या असलेल्या सेवेत हे अजिबात चालण्यासारखे नाही. भरून द्यायचा अर्ज इंग्रजीत होता. बायकांसाठी बसायला वेगळी जागा नाही. याच केंद्रात दुसऱ्या मध्यस्थांकडे गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला "घ्या की मिटवून, कशाला ताणता" एवढेच ऐकायला मिळाले, म्हणजे तंटामुक्त समितीचाच अनुभव, फक्त खोली सरकारी. सेवेचा दर्जा माणसागणिक इतका बदलता कामा नये. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात १२० दिवसांची मुदत, ती ६० दिवसांनी वाढवण्याची सोय आणि मध्यस्थांची रीतसर नोंदणी, असे सगळे कागदावर आलेले आहे. त्यातले शक्य तितके लवकर अशा फळीच्या खोल्यांपर्यंत पोहोचावे.

ही सेवा प्रत्येकासाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अॅफकॉन्स निकालात खोटे दस्तऐवज किंवा गंभीर फसवणुकीचे आरोप असलेली प्रकरणे यासाठी योग्य नाहीत, असे म्हटले आहे. घरात मारहाण होत असेल तर समोरासमोर बसवून बोलणी करण्यात त्या बाईलाच धोका असतो, आणि तिथे मी मध्यस्थीची शिफारस करणार नाही. शिवाय तडजोड झाली म्हणून मने जुळतातच असे नाही. धाकटा भाऊ ठरलेल्या सगळ्या अटी पाळतो, पण माझ्याशी बोलत नाही, आणि ते घडवून आणणे हे केंद्राचे काम नव्हते.

भाऊबंदकीचा, बांधाचा, विहिरीचा, दुकानाच्या भागीदारीचा दावा ज्यांचा चालू आहे, त्यांनी न्यायाधीश पाठवतील याची वाट पाहू नये. दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर वकिलांमार्फत पुरसिस देऊन मध्यस्थी मागता येते. जाण्याआधी आपला दावा किंवा कैफियत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा आणि जे शब्द आपले नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. सातबारा, आठ-अ, फेरफार हे जमिनीच्या नोंदींचे उतारे आणि शक्य असेल तर जमिनीचा हाताने काढलेला नकाशा बरोबर घ्या. दुपारच्या जेवणाचा डबाही न्या, कारण केंद्राजवळ चहाशिवाय काही मिळत नाही.