टाळेबंदीतील मुलांचा ऑनलाइन व्यायामवर्ग : सहा महिन्यांचा अनुभव

टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा आमचा मुलगा आठ वर्षांचा होता. चार महिन्यांनी त्याचे खेळायचे बूट बाहेर काढले, तर ते पायात शिरेनात. शाळा बंद होण्याच्या आठवडाभर आधी घेतलेल्या त्या बुटांच्या तळव्यांवर झिजल्याची खूणही नव्हती. त्याच आठवड्यात आम्ही मुलांचा एक ऑनलाइन व्यायामवर्ग लावला आणि सहा महिने नेमाने चालू ठेवला. आठवड्यातून पाच दिवस, रोज चाळीस मिनिटे, एका प्रशिक्षिकेसमोर बारा मुले, असे त्याचे स्वरूप होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. एरवी या मिनिटांचा हिशेब कोणी ठेवत नाही. शाळेचे जिने, मधली सुट्टी, खेळाचा तास आणि संध्याकाळची पकडापकडी यांतून ती आपोआप भरतात. हे सारे एकदम थांबल्यावर चाळीस मिनिटांचा वर्ग किती भरपाई करील, हाच माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न होता.

व्यायामाच्या बाबतीत त्याने बरीच भरपाई केली, हे मान्य करावे लागेल. प्रशिक्षिकेने पहिले दोन आठवडे केवळ उडी मारून खाली कसे यावे हे शिकवले : गुडघे किंचित वाकवून, चवड्यांवर, आवाज न करता. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होऊ नये एवढाच त्यामागचा हेतू असावा, असे मला आधी वाटले होते. परंतु गुडघ्यांवरचा ताण त्यामुळेच कमी होतो, आणि वाढत्या वयातील हाडांना उड्यांचा असा बेताचा भार मिळणे आवश्यक असते, हे त्यांनी मुलांना कळेल अशा भाषेत सांगितले. सुरुवातीला एका पायावर दहा आकडेही उभा न राहू शकणारा आमचा मुलगा तिसऱ्या महिन्यात डोळे मिटून तोल सांभाळू लागला.

उणिवा मात्र गंभीर आहेत. कॅमेऱ्यात मुलांचे डोके दिसले तर पाय दिसत नाहीत आणि पाय दिसावेत म्हणून मागे सरकले तर पाठ भिंतीला लागते. त्यामुळे बारापैकी निम्म्या मुलांच्या चुका दुरुस्तच होत नसत. त्याहून मोठी अडचण अशी, की सकाळभर ज्या पडद्यासमोर शाळा भरली, त्याच पडद्यासमोर पुन्हा उभे राहायचे. चीनमधील शाळकरी मुलांच्या डोळ्यांची २०२० मध्ये, घरातच राहण्याच्या काळानंतर, तपासणी झाली, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांत निकटदृष्टीदोषाचे, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचे, प्रमाण २१.५ टक्के आढळले. त्याआधीच्या पाच वर्षांत ते कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. मोकळ्यावरचा उजेड वाढत्या डोळ्यांचे या दोषापासून रक्षण करतो आणि तो खोलीत मिळत नाही, मग वर्ग कितीही चांगला असो.

वजनाच्या बाबतीतही या वर्गाकडून फार अपेक्षा ठेवू नये. इंग्लंडमध्ये ४-५ वर्षांच्या मुलांतील लठ्ठपणा २०१९-२० मधील ९.९ टक्क्यांवरून एका वर्षात १४.४ टक्क्यांवर गेला. यात हालचाल घटण्याचा वाटा असला, तरी विस्कटलेली झोप आणि दिवसभराचे अवेळी खाणेही आहेच. आमच्या घरी व्यायाम नियमित होऊनही मुलगा रात्री अकराच्या आत झोपत नसे आणि त्यावर वर्गात कधीही बोलणे झाले नाही. आठवड्यातून एकदा पालकांशी दहा मिनिटे बोलले असते, तर ही उणीव सहज भरून निघाली असती.

मी या वर्गाला पाचपैकी तीन तारे देईन, आणि ते तीनही प्रशिक्षिकेचे आहेत. घराबाहेर पडणेच शक्य नसेल, तर वर्ग अवश्य लावावा. मात्र दाराबाहेर पळण्याइतकी मोकळी जागा आणि तिथे जाण्याची मुभा असेल, तर ती चाळीस मिनिटे तिथेच घालवावीत. मैदान उघडले तेव्हा आम्ही तेच केले. पहिल्या दिवशी एका फेरीतच मुलाला धाप लागली आणि तो गवतावर बसला. पण शेजारून एक मुलगा धावत गेला, तसा तो उठून त्याच्यामागे पळाला.